सातव्या झाडाचा शेंदूर

त्या सकाळी फोन वाजला तेव्हा मी ओल्या हातानेच धावले. मला प्रयोगशाळेतल्या नाझनीनच्या फोनची वाट होती. मशीन दुरुस्त होऊन आलं होतं, आमच्या पानांचा नंबर त्या आठवड्यात लागणार होता. फोन उचलून मी कोण बोलतंय ते न विचारता म्हणाले, "आला का सात नंबर?"  पलीकडून विश्वासचा आवाज आला, "मावशी, विश्वास बोलतोय. आत्या गेली पहाटे... झोपेतच." विश्वास हा माझ्या मैत्रिणीचा, लीलाचा भाचा. तिचं सगळं शेवटचं त्याने आणि त्याच्या बायकोने केलं. मी फोन हातात धरून उभी राहिले आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायला संकोच वाटतो, पण तेच खरं आहे. मला वाटलं, आता सात नंबरचं कुणाला सांगायचं?

लीला गेली त्याला आता काही आठवडे झाले. तिच्याविषयी लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. मी आयुष्यभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देत बसलेली बाई, मला लिहायची सवय नाही. पण लीलाने आयुष्यभर एकच प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर ऐकायचं तिचं थोड्या दिवसांनी राहून गेलं. ते उत्तर कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

प्रश्न साधा होता. जंगलातल्या झाडात शिरलेलं शिसं परत उतरतं का?

लीला रसायनशास्त्र शिकवायची. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी लासूर स्टेशनला जन्मलेली, शेतकऱ्याची मुलगी. वडील उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे तिच्या बोलण्यात गावची मराठी आणि घरातली उर्दू दोन्ही बिनतक्रार नांदायच्या. वर्गात ती शुद्ध बोले, वर्गाबाहेर आल्यावर चप्पल बदलावी तशी भाषा बदले. ग्रंथालयात ती पहिल्यांदा आली ती पुस्तकासाठी नाही. "तुमचं अक्षर लई चांगलं आहे म्हणे," ती म्हणाली, "लोणच्याच्या बरण्यांवर लेबलं लिहायची आहेत." मी म्हटलं, लोणचं कशाचं? तर म्हणाली, "मातीचं."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शहरात स्कूटरी वाढत होत्या, क्रांती चौकात संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले होते. पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं घालत. ते धुरातून बाहेर पडतं, हे लीलाला पुस्तकातून ठाऊक होतं. ते किती दूर जातं, कुठे बसतं आणि बसलं की काय करतं, हे तिला स्वतः पाहायचं होतं. शहरातल्या झाडांवर तिचा विश्वास नव्हता. "इथं कोण कधी तोडील सांगता येत नाय," ती म्हणायची. म्हणून तिने कन्नडच्या बाजूला घाटरस्त्याच्या कडेचं जंगल निवडलं. रस्त्यालगतच्या एका सागापासून सुरुवात करून टेकडीच्या माथ्यापर्यंत चढत जायचं, वाटेत सात साग. पहिलं झाड रस्त्याच्या धुरात, सातवं वर झऱ्याजवळ, जिथे रस्त्याचा आवाजही पोचत नाही. दरवर्षी दिवाळीनंतर, पानं गळायच्या आधी, त्याच सात झाडांची पानं, थोडी साल आणि बुंध्याजवळची माती आणायची. "किती वर्षं?" मी विचारलं. "झाडाला कंटाळा येईपर्यंत," ती म्हणाली.

झाडाला कंटाळा आला नाही आणि मलाही नाही. मी केवळ लेबलं लिहायला गेले होते, आणि पुढची सगळी वर्षं जातच राहिले. पहाटेची एसटी, पिशवीत भाकरी आणि ठेचा, घाटात उतरायचं आणि चढायला लागायचं. तिची घाई बघण्यासारखी असे. चाळिशीतली बाई, साडी खोचून, झाडाशी पोचली की त्याच्या बुंध्यावर थाप मारायची आणि "काय म्हणता पाच नंबर, उन्हाळा कसा गेला?" असं खरंच विचारायची. पानं धातूच्या कात्रीने कापायची नाहीत, बांबूच्या धारदार पट्टीने कापायची. घरी आणून तारेवर वाळत घालायची नाहीत, सुतळीवर घालायची, कारण तार जस्ताची. बरण्यांच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा, कारण झाकण पत्र्याचं. निम्मी पानं धुवायची, निम्मी तशीच ठेवायची. म्हणजे वर बसलेली धूळ किती आणि आत गेलेलं किती ते कळतं. पुंडलिकनगरच्या तिच्या घराची मागची खोली या बरण्यांनी भरत गेली. महाविद्यालयातला प्रत्येक जण घरातली रिकामी बरणी तिच्यासाठी आणायचा. प्राचार्य एकदा म्हणाले होते, "लीलाबाई, आमच्याकडे यंदा लोणचं लवकर संपवलं, तुमच्यासाठी." ती म्हणाली, "बरणी धुवून आणलीत का सर? मागच्या वेळेस माझ्या एका झाडाला मोहरीची फोडणी बसली होती."

आणि मग मशीनचा दिवस. मशीन दुसऱ्या संस्थेत होतं, आम्हाला सुटीच्या दिवशी मिळायचं. पानांची राख आम्लात विरघळवून ते पाणी एका बारीक नळीतून ज्वाळेत ओढलं जायचं, आणि शिसं असेल त्या मानाने काटा सरकायचा. मला त्यातलं शास्त्र पुरतं कळत नव्हतं, पण काटा हलायच्या आधीचा तो क्षण मला आजही आठवतो. खोलीत ज्वाळेची हलकी सुरसुर, लीला श्वास धरून उभी, तिचा हात माझ्या मनगटावर, आणि तो हात इतका घट्ट की बांगडीचा वळ उठायचा. एक नंबरला काटा उडी मारायचा, दोनला कमी, तीनला आणखी कमी, आणि सातला जेमतेम थरथरायचा. दरवर्षी तोच उतार. रस्त्यापासून दूर जावं तसं शिसं कमी. दरवर्षी तोच उतार पाहूनही आम्ही दरवर्षी तितक्याच उत्साहाने घरी यायचो, जसं काही पहिल्यांदाच दिसलं.

पुढे पेट्रोलमधलं शिसं काढलं. ही बातमी मी ग्रंथालयात वर्तमानपत्र लावताना वाचली आणि पेपर हातात घेऊन तिच्या प्रयोगशाळेकडे अक्षरशः पळत गेले. माझ्या पायात इतका वेग होता हे मलाच माहीत नव्हतं. तिने पेपर वाचला, विद्यार्थ्यांना सांगितलं, "बाळांनो, तास सुटला," आणि मला म्हणाली, "मालू, आता खरी गंमत. इतकी वर्षं नुसतं चढताना बघितलं. आता उतरतंय का बघायचं." पुढच्या दोन-तीन दिवाळ्या आम्ही ज्या उत्कंठेने काढल्या तशा माझ्या लहानपणीच्या दिवाळ्याही गेल्या नसतील. एक नंबरची पानं उतरू लागली. दरवर्षी काटा कमी उडी मारू लागला. साल हळूहळू मागून येत होती. माती मात्र जागच्या जागी बसून होती, तिच्यात काही फरक नव्हता, आणि लीला तिच्यावर चिडायची, "ही बया काय सोडत नाय."

पण याच वर्षांत सात नंबर बिघडला. सगळ्यात वरचं, सगळ्यात स्वच्छ झाड. आधी वाटलं चूक झाली. परत केलं. परत तेच. बाकी सहा झाडं उतरत होती आणि सातवं चढत होतं. मागच्या बरण्या काढून पाहिल्यावर कळलं की ते आधीपासून हळूहळू चढत होतं. तेव्हा काटा थरथरायचा त्यात ते लपून गेलं होतं. लीलाला इतका हुरूप आला की तिला रात्री झोप लागेना. तिने ठरवलं, डोंगरापलीकडच्या दरीत कुणीतरी जुन्या बॅटऱ्या वितळवतंय. त्यातून शिशाचा धूर निघतो, वाऱ्याबरोबर माथ्यावर येतो, आणि माथ्यावर पहिलं झाड कोणतं, तर आपलं सातवं. ऐकून मलाही पटलं. मी तिच्यासाठी जिथून मिळतील तिथून लेख मागवले, त्यांच्या झेरॉक्स काढल्या. एक अख्खा हिवाळा आम्ही दोघी त्या दरीत भट्टी शोधत हिंडलो. धूर दिसला की तिकडे. एकदा कुणी हुरडा भाजत होतं, एकदा विटांची भट्टी निघाली. विटा भाजणाऱ्या बाईने आम्हाला चहा पाजला आणि विचारलं, "तुमचं काय हरवलंय का?" लीला म्हणाली, "व्हय, भट्टी." ती बाई म्हणाली, "ही काय, इथंच तर हाय." दरीत बॅटऱ्यांची भट्टी काही सापडली नाही. तरी लीलाने लेखाचा मसुदा तयार केला होता. परिषदेत वाचायचा, मग वर्तमानपत्रांना द्यायचा. तिचं नाव होईल असं मला वाटत होतं, आणि तिलाही वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता त्या दगडाविषयी सांगायला हवं, ज्याविषयी मी मुद्दाम अजून लिहिलं नाही, कारण तेव्हा आम्हालाही तो दिसत नव्हता.

पहिल्या वर्षी लीलाची आई आमच्याबरोबर आली होती. आपली लेक रानात काय करते ते तिला बघायचं होतं. वनखात्याच्या जीपने आम्हाला माथ्यापर्यंत नेलं होतं, म्हणून त्या वर्षी आम्ही वरून सुरुवात केली. सातव्या सागाखाली एक उभा काळा दगड होता. कुणाचा देव नव्हता तो, नुसता दगड होता. आईने तो पाहिला, जवळ गेली, पिशवीतून शेंदराची पुडी काढली, डब्यातलं तेल त्यात कालवलं आणि दगडाला माखलं. "हा म्हसोबा," तिने जाहीर केलं. "दरसाल यायचं ना तुला रानात? मंग आधी ह्याला लावायचं आन् मंग झाडाला हात लावायचा. ह्यो बघंल तुझ्याकडं." लीलाचा देवावर विश्वास नव्हता, पण आईवर होता. त्यानंतर दर दिवाळीत लासूरहून फराळाबरोबर शेंदराची पुडी यायची आणि लीला ती न विसरता नेऊन लावायची. हळूहळू तिथल्या गुराख्यांनीही तो देव आपला मानला. नारळ फुटू लागले, घंटा आली. शेंदराचे थर चढत चढत दगडाची खोळ हातभर जाड झाली.

लीला दरवर्षी वर्गात शिशाची संयुगं शिकवायची. फळ्यावर रेड लेडचं सूत्र लिहायची आणि सांगायची, हा केशरी रंगाचा विषारी पदार्थ, हाताला लागला तर हात धुवा. आणि दर दिवाळीला तोच पदार्थ आईने दिला म्हणून तेलात कालवून हाताने दगडाला फासायची. दोन्ही वेळा हात तिचाच होता. इतक्या वर्षांत ती दोन टोकं तिच्या मनात एकदाही भेटली नाहीत. माझ्याही नाहीत, आणि मी तर तिच्या शेजारी उभी राहून पुडीचा कागद धरत असे.

भट्टी शोधली त्याच्या पुढच्या दिवाळीत आम्ही एसटीने परत येत होतो. लीलाच्या मांडीवर सात कागदी पिशव्या. ती त्या नेहमीप्रमाणे एकेक हातात घेऊन माझं लेबल वाचत होती. सातवी पिशवी तिने उचलली आणि थांबली. पिशवीच्या कडेला केशरी अंगठा उमटला होता, स्वच्छ, रेषा मोजता येतील असा. तिने पिशवीकडे पाहिलं. मग आपला अंगठा उलटा करून पाहिला. मग पुन्हा पिशवीकडे. गाडी कुठेतरी खड्ड्यातून गेली, आम्ही दोघी उडालो, तरी तिची नजर हलली नाही. मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मालू, भट्टी सापडली."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. "कुठे?"

तिने अंगठा वर केला.

कन्नडपासून शहरापर्यंत ती तोच अंगठा चोळत बसली. मी घाबरले होते. मला वाटत होतं, गेलं सगळं. जर शेंदराचा हात सातव्या पिशवीला लागला, तर बाकीच्यांना लागला नसेल कशावरून? आईचा नियम तर स्पष्ट होता, आधी देव आणि मग झाडं. म्हणजे सगळ्या वर्षांची सगळी पानं त्याच हाताने तोडलेली. तो सुंदर उतार, ते शिशाचं उतरणं, सगळं एका अंगठ्याखाली गेलं... मी हे बोलले नाही, पण तिला ते कळत होतं. स्टँडवर उतरल्यावर रिक्षाची वाट बघताना ती अचानक माझा दंड धरून हसायला लागली. इतकी हसली की रिक्षावाला थांबून बघायला लागला.

"अगं, आपण कधी आधी देवाला गेलो का?" ती म्हणाली. "आठव. एसटी आपल्याला रस्त्यावर सोडते. एक नंबर रस्त्यावर. मी आधी एक नंबरच करते, मला धीर कुठं असतो? एक, दोन, तीन... देव कधी? वर पोचल्यावर. सातव्याच्या आधी. आईला सांगते आधी देव. खोटं सांगते दरसाल."

खरंच होतं. फक्त पहिल्या वर्षी, आई बरोबर होती तेव्हा, आम्ही वरून खाली आलो होतो. ते एक वर्ष बाद. सातवं झाड बाद. बाकी सगळं, आईशी बोललेल्या खोट्यामुळे, सुरक्षित. तरी खात्रीसाठी पुढच्या आठवड्यात तिने माझ्या हातांनी, नवे हातमोजे घालायला लावून, सात नंबरची वरच्या फांदीची पानं परत आणली. अंगठा नसलेली पानंसुद्धा चढलेलीच निघाली. म्हणजे शेंदूर केवळ पिशवीला लागला नव्हता; पावसाने दगडावरून धुपून मातीत गेला होता, मातीतून मुळात, मुळातून पानात. आम्ही जंगलात शिसं कुठून येतं ते शोधत होतो, आणि त्या एका झाडापुरतं ते आम्हीच आणत होतो.

मसुदा तिने फाडला नाही. परिषदेत गेली आणि तोच वाचायला उभी राहिली, फक्त भट्टीच्या जागी आपला अंगठा घालून. मी मागच्या रांगेत बसले होते. सभागृहात आधी कुजबुज, आणि मग एक वयस्क प्राध्यापक म्हणाले, "बाई, मग म्हसोबाला सहलेखक का केलं नाही?" सगळे हसले. लीला त्यांच्यापेक्षा जोरात हसली आणि म्हणाली, "सर, केलं असतं, पण त्याची सही कोण आणणार?" त्यानंतर हसणं बदललं. लोक प्रश्न विचारू लागले, खरे प्रश्न. आणि तिने तिथेच सांगितलं की ही चूक ती वाया घालवणार नाही. शेंदूर कधी सुरू झाला ते तिला ठाऊक आहे. आता तो बंद करायचा, माती वरवर खरवडून काढायची आणि बघत राहायचं, हे झाड किती वर्षांनी इतरांसारखं होतं. असा प्रयोग मुद्दाम कुणी करू शकलं नसतं, करूही नये. झालाच आहे, तर शेवटपर्यंत न्यायचा.

आधी आईला सांगणं भाग होतं. लासूरला आम्ही गेलो तेव्हा आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. लीला तिच्यासमोर बसली आणि सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली, "आई, त्या दगडाला आता शेंदूर लावायचा नाय."

"का गं, काय केलं त्यानं तुझं?"

"शेंदरात शिसं असतं. ते झाडात उतरलं."

"वाळलं का झाड?"

"नाय. चांगलं हाय."

"मंग?"

"मंग काय, माझं काम चुकलं."

"तुझं काम चुकलं म्हणून देवाला उघडा ठिवती व्हय?" आई म्हणाली. "दरसाल धड घरी आलीस का नाय? पाय मोडला का कधी? जनावर आडवं आलं का?"

 मग, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती, ते लीलाने सांगून टाकलं. "आन् आई, मी आधी देवाला जातच नव्हते. आधी खालची झाडं करायचे. तू आली होतीस ते साल सोडून."

आईने सूप खाली ठेवलं. "म्हंजी मी हितं निवांत बसायची, की पोरगी आधी देवाला गेली आसंल, आता कायबी काळजी नाय... आन् तू?"

"व्हय."

"तरीच तुमची एसटी दर खेपेला पंचर व्हायची," आई म्हणाली, आणि उठून आत गेली. आम्हाला वाटलं रागावली. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती मुठीत कागदाची पुडी घेऊन. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू होता तो. "गेरूचा म्हसोबा मी तर बघितला नाय," ती म्हणाली. "तू बघ आता. तेल मातर जादा घाल, उन्हानं उडतो गेरू."

गुराख्यांना पटवायला वेळ लागला. "तुमीच बसवला आन् तुमीच उतरवता?" असं त्यांच्यातल्या एकाने विचारलं तेव्हा लीला म्हणाली, "उतरवत नाय बाबा, कपडे बदलते. जुने विटाळले." त्यातलं विष तिने समजावून सांगितलं, पोरं दगडाला हात लावून तोच हात तोंडात घालतात हे दाखवलं, तेव्हा ते ऐकले. खोळ त्यांनीच काढून दिली. तिचा एक मोठा तुकडा लीलाने बरणीत भरला आणि मला लेबल लिहायला लावलं. मी विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, "म्हसोबा, जुने कपडे." ती बरणी तिच्या खोलीत सगळ्यात खालच्या फळीवर, वेगळ्या डब्यात, आजही आहे.

त्या दिवसापासून एक नवीन नियम झाला. पान किंवा बरणी, कशालाही हात लावण्याआधी लीला हात धुवायची आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे पसरायची, शाळेत नखं दाखवतात तसे. मी चष्मा वर करून बघायची. मग माझे हात ती बघायची. नाझनीन ही तिची विद्यार्थिनी, आता त्या मशीनचं सगळं तिच्याकडे आहे; तिलाही हा नियम लागू झाला. ती कुरकुरायची, "मॅडम, मी काय लहान बच्ची आहे का?" लीला म्हणायची, "मी पण नव्हते गं. दाखव."

सात नंबर घाईने उतरला नाही. काही वर्षं तर हललाच नाही. मग थोडा उतरला, एका वर्षी परत चढला. आई गेली, आम्ही दोघी निवृत्त झालो, लीलाचे गुडघे गेले, एसटीऐवजी विश्वासची जीप आली. दर दिवाळीनंतर आकडा यायचा आणि दरवेळी मशीनच्या खोलीत तिचा हात माझ्या मनगटावर असायचा. गेल्याच्या गेल्या वर्षी नाझनीनने पहिल्यांदा सांगितलं, सात नंबर बाकीच्यांसारखा आला. मी उड्या मारायच्या बेतात होते. लीला म्हणाली, "थांब. एकदा आला तो पाहुणा. परत आला तर घरचा."

म्हणून ही गेली दिवाळी महत्त्वाची होती. तिला आता अंथरुणातून उठवत नव्हतं. विश्वास आणि मी गेलो. मी सातव्या सागाखाली पोचले, दगडाला गेरू लावला, झऱ्यावर हात धुतले, आणि विश्वासने फोनवर तिचा चेहरा आणला. उशीवरचा, खूप लहान झालेला चेहरा. तिने झाड बघितलं नाही, मला काही विचारलं नाही. म्हणाली, "मालू, हात दाखव." मी दोन्ही तळवे फोनपुढे धरले. "जवळ आण. अंगठा..." तिने बराच वेळ पाहिलं. "हां. तोड आता."

त्यानंतर मशीन बिघडलं. मी दर दोन दिवसांनी तिच्याकडे जायची आणि ती दारातूनच विचारायची, "झालं का दुरुस्त?" शेवटच्या भेटीतही तेच. मी म्हटलं, या आठवड्यात नक्की. तिचे डोळे असे चमकले की मला ती जुनी, साडी खोचून चढणारी लीला दिसली. "दोनदा आला तर बघ," ती म्हणाली, "लासूरला फोन करून सांगते." आई जाऊन किती वर्षं झाली होती, हे मी तिला सांगितलं नाही. तिलाही ते ठाऊक होतंच.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी नाझनीनचा फोन आला.  "मॅडम, मी तीन वेळा करून पाहिलं. सात नंबर बाकीच्यांसारखाच. काही फरकच नाही. माती अजून शिसं धरून बसलीय, पण पान... पान एकदम साफ."  मी म्हणाले, "घरचा झाला." फोन ठेवला आणि शहाण्यासारखं एका जागी बसावं असं मला वाटेना. मी पुंडलिकनगरला, लीलाच्या गल्लीतून, भर उन्हात दोन चकरा मारल्या. भेटेल त्याला सांगावंसं वाटत होतं. भाजीवाल्याला मी सांगितलंही. तो म्हणाला, "चांगलं झालं, मावशी," आणि कोथिंबीर जास्त दिली.

परवा नाझनीन आली. सात नंबरच्या सगळ्या वर्षांच्या बरण्या काढून, एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने करायच्या आहेत. तो लेख आता ती लिहिणार आहे. विश्वासने खोली उघडून दिली. तोच मातीचा आणि वाळलेल्या पानांचा वास, माझ्या अक्षरातली लेबलं, जुनी शाई तपकिरी झालेली. सुतळी अजून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली. नाझनीनने पिशवी खाली ठेवली, मोरीत जाऊन हात धुतले, आणि मी काही न बोलता तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे पसरले. मी चष्मा वर केला. तळव्यांवर, बोटांच्या टोकांपर्यंत, गडद केशरी रंग.

"बहिणीचं लग्न होतं, मॅडम," ती म्हणाली. "मेंदी आहे."

"धुवून ये."

"ही धुतल्यानं जात नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तरी धुवून ये."